‘सर्टन’ : चाळून उरलेलं

आजचं व्याख्यान एका शब्दावर आहे. इंग्रजीतलं ‘सर्टन’ हे विशेषण. शब्द सोपा आहे, शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. तुम्ही म्हणाल, एका विशेषणासाठी तासभर कशाला? त्याचं उत्तर आम्ही व्याख्यानाच्या उत्तरार्धात देऊ. आत्ता एवढंच सांगतो की या विशेषणाचा नेमका अर्थ काय, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला फाशीची शिक्षा झालेल्या माणसांच्या खटल्यांत निर्णय द्यावा लागला आहे.

आधी कोशातली एक अडचण बघू. इंग्रजी-मराठी कोश उघडला की ‘सर्टन’पुढे निश्चित, खात्रीचा, ठरलेला, अटळ असे अर्थ मिळतात. थोडं खाली गेलं की दुसरा अर्थ दिसतो : अमुक एक, कोणी एक, काही. म्हणजे एकच विशेषण ‘अगदी पक्कं ठरलेलं’ असंही सांगतं आणि ‘कोण ते विचारू नका’ असंही सांगतं. इंग्रज माणूस ‘अ सर्टन मिस्टर जोन्स’ म्हणतो तेव्हा या जोन्सबद्दल आपल्याला काहीच निश्चित कळत नाही. ठाम आणि मोघम एकाच शब्दात कसे राहिले? कोशकार दोन आकडे घालून मोकळे होतात. आपल्याला मोकळं होऊन चालणार नाही.

शब्दाच्या मुळाशी जाऊ. इंग्रजीत हा शब्द इसवी सन 1300च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये मूळ विशेषण ‘केर्तुस’, आणि ते ‘केर्नेरे’ या क्रियापदाचं जुनं धातुसाधित रूप. ‘केर्नेरे’चा मूळ अर्थ चाळणे. दाणा एकीकडे, कोंडा दुसरीकडे. त्यावरून पुढे वेगळं करणे, पारखणे, ठरवणे असे अर्थ झाले. लॅटिनमध्ये चाळणीला ‘क्रिब्रुम’ म्हणतात, तो शब्द याच मुळाचा. ग्रीकमध्ये याच मुळापासून ‘क्रिनेइन’ हे क्रियापद झालं, त्याचाही अर्थ वेगळं करणे, निवाडा करणे.

आता या घराण्यात कोण कोण आहे ते बघा. ग्रीक बाजूने ‘क्रिटिक’ म्हणजे समीक्षक, ‘क्रायटेरियन’ म्हणजे निकष, आणि ‘क्रायसिस’. हा शेवटचा शब्द ग्रीक वैद्यांचा. रोगी वाचणार की जाणार हे जिथे ठरतं, तो दुखण्यातला क्षण म्हणजे क्रायसिस. लॅटिन बाजूने ‘डिसर्न’ म्हणजे पारखून ओळखणे, ‘डिक्री’ म्हणजे हुकूमनामा, ‘सीक्रेट’ म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं, ‘सर्टिफिकेट’ म्हणजे केर्तुस करून देणारा कागद. शरीर जे चाळून बाहेर टाकतं त्या ‘एक्स्क्रीशन’चं मूळही हेच. कांटने 1781 साली आपल्या मोठ्या ग्रंथाला ‘क्रिटिक’ हे नाव दिलं ते याच घराण्यातलं. ‘क्रिटिक’ आणि ‘सर्टन’ ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत. एरवी आपण समजतो की समीक्षा शंका काढते आणि निश्चिती शंका मिटवते, म्हणजे दोघांचं वैर. शब्दांचा इतिहास मात्र सांगतो की दोघांचं काम एकाच चाळणीवर चालतं.

व्याकरणाचा एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. ‘केर्तुस’ हे मुळात कर्मणी रूप आहे. चाळलेलं, निवडलेलं. असं रूप क्रियेचा परिणाम सांगतं. मराठीत ‘निवडलेले तांदूळ’ म्हटलं की त्या शब्दातच कुणीतरी सूप घेऊन बसलं होतं, खडे काढले होते, हे आलं. तांदूळ निवडले की नाही हा प्रश्न तांदळांबद्दलचा आहे, खाणाऱ्याच्या मनाबद्दलचा नाही. खाणारा निर्धास्त असेल, पण तांदूळ निवडलेले नसतील तर खडा दाताखाली यायचा तो येणारच.

आणि मराठीने स्वतः हीच वाट चालून ठेवली आहे. आपण धान्य निवडतो आणि भांडणाचा निवाडा करतो. ‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणे’चाच. संस्कृतातला ‘विवेक’ घ्या. त्यातला धातू ‘विच्’, म्हणजे वेगळं काढणे, पाखडणे. लॅटिन ‘केर्नेरे’शी या धातूंचं नातं नाही, ते कुणी जुळवू नये. साम्य कल्पनेचं आहे. शेती करणाऱ्या, दळण दळणाऱ्या लोकांना निर्णय म्हणजे काय हे समजावून घ्यायला सूप आणि चाळणी यांच्याइतकं जवळचं साधन नव्हतं.

आता कोशातली अडचण सुटते. ‘अ सर्टन मिस्टर जोन्स’ म्हणजे माणसांच्या गर्दीतून बोलणाऱ्याने वेगळा काढलेला जोन्स. बोलणाऱ्याच्या मनात तो ठरलेला आहे, ऐकणाऱ्याला फक्त सांगितलेलं नाही. आपल्याकडे गोष्ट ‘कोणे एके गावी’ अशी सुरू होते, तसंच. गाव कुठलं तरी नव्हे, एक विशिष्ट गाव आहे, नाव मात्र गोष्टीला लागत नाही. दोन्ही अर्थांच्या मुळाशी ‘वेगळं काढलेलं’ हा एकच अर्थ आहे. फरक इतकाच की एका ठिकाणी निवड सगळ्यांसमोर झाली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती बोलणाऱ्याच्या मुठीत आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे.

‘सर्टन’ येण्याआधी इंग्रजीत याच अर्थाचा घरचा शब्द होता. तो मध्ययुगीन इंग्रजीत ‘इविस’ असा दिसतो. जर्मन ‘गेविस’ त्याचा भाऊ. हे दोन्ही ‘जाणणे’ या अर्थाच्या मुळाचे, आपल्या ‘विद्’ धातूच्या नात्यातले. इंग्रजीने तो शब्द इतका विसरून टाकला की पुढच्या लोकांना ‘इविस’ हे ‘आय विस’ म्हणजे ‘मी जाणतो’ असे दोन शब्द वाटू लागले. क्रियाविशेषणातून एक ‘मी’ उगवला! आणि तिसरा शब्द ‘शुअर’. तोही फ्रेंचमार्गे आला, मुळात लॅटिन ‘सेकूरुस’. ‘से’ म्हणजे विना आणि ‘कूरा’ म्हणजे काळजी. शुअर म्हणजे निश्चिंत, बिनघोर. ‘सिक्युअर’ हा त्याच शब्दाचा नंतर आलेला अवतार.

म्हणजे तीन भाव झाले. जाणलेलं, चाळलेलं आणि बिनघोर. पहिला इंग्रजीने टाकला. उरलेले दोन आज समानार्थी म्हणून शिकवले जातात. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. काम पूर्ण झालं हे सांगणारा शब्द आणि काळजी मिटली हे सांगणारा शब्द एकमेकांच्या जागी वापरू लागलो की काम न करताच काळजी मिटवता येते.

यावर एक रास्त हरकत आहे. कुणी म्हणेल, व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नाही. शब्द जिथून आला तिथे तो राहत नाही. इंग्रजी ‘नाइस’ लॅटिनमध्ये ‘अडाणी’ होता, म्हणून आज कुणाला नाइस म्हटलं तर त्याने रागवायचं का? हरकत आम्हाला मान्य आहे. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असा आमचा दावा नाहीच. आमचं म्हणणं असं की ‘सर्टन’च्या बाबतीत जुना अर्थ मेलेला नाही. ‘इट इज सर्टन’ आणि ‘आय अ‍ॅम सर्टन’ अशा दोन रचनांमध्ये दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिली रचना गोष्टीबद्दल बोलते, दुसरी माणसाबद्दल. व्युत्पत्ती इथे पुरावा म्हणून नको, दोन अर्थ वेगळे दिसावेत एवढ्यापुरता दिवा म्हणून हवी.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, कारण गोंधळाचा मोठा वाटा आमच्याच आळीतला आहे. देकार्तचं ‘मेडिटेशन्स’ 1641 साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालं. त्याला हवं होतं ते ‘केर्तुम’, ज्याला धक्का लागणार नाही असं काही. त्याची पद्धत त्याने आक्षेपांना उत्तर देताना एका दृष्टान्ताने समजावली आहे. टोपलीत काही सफरचंदं सडली असतील अशी भीती असेल तर काय करावं? सगळी टोपली रिकामी करावी, एकेक फळ तपासावं आणि चांगलं तेवढंच परत टोपलीत ठेवावं. बघा, ही शंभर टक्के चाळणी आहे! लॅटिनमध्ये विचार करणारा माणूस केर्तुम शोधताना आपोआप निवडायला बसतो.

पण पुढे काय होतं? चांगलं फळ ओळखायचं कसं? देकार्तचं उत्तर : जे स्पष्ट आणि विविक्त दिसतं ते खरं. दिसतं कुणाला? मनाला. आणि इथे चाळणी अंगणातून उचलून आतल्या खोलीत गेली. निवडण्याची क्रिया आता दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आधी आम्ही म्हटलं ना, एक निवड सगळ्यांसमोरची आणि एक मुठीतली? देकार्तने पहिली सोडून दुसरी धरली. त्याने ईश्वराचा आधार घेऊन ती खोली सुरक्षित करायचा प्रयत्न केला. ज्यांना तो आधार पटला नाही त्यांच्याकडे फक्त खोली उरली. पुढची तीनशे वर्षं युरोपीय तत्त्वज्ञान ‘मला निश्चित वाटतं’ यापासून ‘ते निश्चित आहे’ इथपर्यंत पूल बांधत बसलं.

देकार्तवर अन्याय नको. जगताना एवढी निश्चिती लागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 1644च्या ‘प्रिन्सिपल्स’मध्ये तो ‘मॉरल’ निश्चितीची वेगळी पायरी सांगतो. हे ‘मॉरल’ म्हणजे नैतिक नव्हे, आचरणापुरतं, व्यवहारातलं. 1647च्या फ्रेंच आवृत्तीत त्याला उदाहरणही जोडलेलं आहे : रोमला कधी न गेलेला माणूसही रोम हे इटलीतलं शहर आहे याबद्दल शंका घेत नाही, जरी सांगणाऱ्या सगळ्यांनी त्याला फसवलं असण्याची शक्यता कल्पनेत मांडता येते. ही ‘मॉरल सर्टन्टी’ लक्षात ठेवा. आपल्याला तिला कोर्टात भेटायचं आहे.

विसाव्या शतकात केंब्रिजच्या जी. ई. मूरने या विशेषणाची सरळ चिरफाड केली. 1941 साली त्याने कॅलिफोर्नियात दिलेलं एक व्याख्यान ‘सर्टन्टी’ याच नावाचं आहे. मी या खोलीत आहे, मी उभा आहे, माझ्या अंगावर कपडे आहेत, अशा साध्या विधानांपासून तो सुरुवात करतो आणि मग चार वाक्प्रयोग वेगळे करतो. मला निश्चित वाटतं. माझी खात्री आहे. मला निश्चितपणे माहीत आहे. ते निश्चित आहे. पहिले दोन प्रयोग गोष्ट खोटी निघाली तरी खरे राहू शकतात, कारण ते माझी अवस्था सांगतात. शेवटच्या दोन प्रयोगांत गोष्ट खोटी निघाली की वाक्यही कोसळतं. इतकी साधी गोष्ट, पण मांडायला मूर लागला. कोशकार ‘सर्टन’पुढे निश्चित आणि खात्रीचा हे अर्थ स्वल्पविराम देऊन लिहितात, तो स्वल्पविराम मूरने मोडला.

मूरवर विचार करता करता विट्गेनस्टाइनने आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात 676 छोटी टिपणं लिहिली. शेवटचं टिपण 27 एप्रिल 1951चं, 29 एप्रिलला तो गेला. 1969 साली ती पुस्तकरूपाने आली. मूळ जर्मन नावात ‘गेविसहाइट’ आहे, म्हणजे जाणण्याच्या मुळाचा शब्द. इंग्रजी भाषांतराचं नाव ‘ऑन सर्टन्टी’, म्हणजे चाळणीच्या मुळाचा. भाषांतराला दुसरा इलाज नव्हता, पण शीर्षकातच एक घराणं बदललं.

विट्गेनस्टाइनचं म्हणणं आम्ही आमच्या दृष्टान्तात मांडतो. तुम्ही सगळं धान्य चाळू शकता, पण चाळत असताना ती चाळणी स्वतःतून चाळता येत नाही. शंका घ्यायची तर काहीतरी शंकेबाहेर ठेवावं लागतं. तो स्वतः दाराच्या बिजागरीचं उदाहरण देतो : दार फिरायचं तर बिजागरी जागेवर राहिली पाहिजे. म्हणून मूर जेव्हा दोन्ही हात वर करून ‘हे हात आहेत हे मला माहीत आहे’ म्हणतो, तेव्हा तो चाळून काढलेली वस्तू दाखवत नाही, चाळणी दाखवतो आहे.

आणि चाळणीही कायमची नसते. विट्गेनस्टाइनने न डगमगता धरलेल्या गोष्टींत एक अशी होती की कुणी माणूस चंद्रावर गेलेला नाही. त्याच्या काळी ते योग्यच होतं. पण पुस्तक छापून आलं 1969 साली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. विट्गेनस्टाइन यात हरला असं आम्हाला वाटत नाही. नदीचं पात्रही हळूहळू सरकतं हे त्यानेच लिहिलं आहे. आपण एवढंच घ्यायचं की ‘सर्टन’ म्हणताना त्या चाळणीवर एक तारीख असते.

आता सुरुवातीचा प्रश्न. एका विशेषणासाठी एवढं कशाला?

1850 साली अमेरिकेत बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातले प्राध्यापक जॉन वेब्स्टर यांच्यावर डॉ. जॉर्ज पार्कमन यांच्या खुनाचा खटला चालला. मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी ज्यूरीला ‘वाजवी शंका’ म्हणजे काय ते समजावताना ‘मॉरल सर्टन्टी’ हा प्रयोग वापरला. वेब्स्टरला फाशी झाली. शॉ यांची ती सूचना इतकी गाजली की पुढे अनेक राज्यांत न्यायाधीश तिच्याच शब्दांत ज्यूरीला सांगत राहिले. शॉ यांच्या काळात त्या प्रयोगाचा अर्थ देकार्तच्या परंपरेतला होता : मानवी व्यवहारात पुराव्याने मिळू शकते ती वरच्या पायरीची निश्चिती. पुरावा चाळून झाल्यावरची.

पण शब्द जागेवर राहिला नाही. ‘मॉरल’चा जुना अर्थ लोक विसरले आणि ‘सर्टन्टी’ मनात शिरली. 1990 साली लुइझियानातल्या केज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणातला निकाल फिरवला. कारण काय? तिथल्या सूचनेत शंका ‘गंभीर’ आणि ‘भरीव’ असली पाहिजे असं म्हटलं होतं, आणि वर ‘मॉरल सर्टन्टी’. ज्यूरी पुराव्याच्या निश्चितीऐवजी मनाच्या निश्चितीवर दोषी ठरवेल, हा धोका न्यायालयाला दिसला. 1994 साली नेब्रास्का आणि कॅलिफोर्नियातली दोन प्रकरणं एकत्र आली, दोन्ही देहदंडाची. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी जुने-नवे कोश पुढे ठेवून दाखवलं की एकोणिसाव्या शतकात या प्रयोगाचा अर्थ पुराव्याला धरून होता, तर आधुनिक कोशात तो पुराव्यापेक्षा ठाम समजुतीकडे झुकला आहे. सूचनांमधली बाकीची वाक्यं पुराव्याकडे बोट दाखवणारी होती म्हणून त्या घटनाबाह्य ठरल्या नाहीत. मात्र हा प्रयोग वापरणं न्यायालयाला पसंत नसल्याचं निकालात स्पष्ट आहे. आम्ही मघाशी दोन अर्थ म्हटले, ते इथे प्रत्यक्ष समोरासमोर उभे राहिले. बारा माणसांनी पुरावा चाळला, की बारा माणसांना बिनघोर वाटलं? पहिल्यात न्याय आहे. दुसऱ्यात समोरच्या माणसाचा रंग, चेहरा, बोलण्याची ढब काहीही मिसळू शकतं, आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

गंमत बघा. ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आली ती ‘सर्शिओरारी’ या आदेशाने. हा शब्दही केर्तुसचाच, ‘अधिक निश्चित माहिती मिळावी’ अशा अर्थाचा. वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाचे कागद मागवून घेतं आणि पुन्हा बघतं. आपल्या राज्यघटनेच्या 32व्या आणि 226व्या अनुच्छेदांत ज्या आदेशांचा उल्लेख आहे, त्यांत हाही आहे. इथे केर्तुस अजून अंगणात आहे. कुणाला काय वाटतं हे कोण विचारतो? कागद मागवा, आम्ही बघतो.

आणि आपल्याकडचा दुसरा धागा. 1872चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचला. ‘शाबीत’ म्हणजे काय ही व्याख्या करताना त्याने ‘सर्टन’ हे विशेषण टाळलं. न्यायालयाला समोरच्या गोष्टींचा विचार करून ती बाब अस्तित्वात आहे असं वाटलं पाहिजे, किंवा ती इतकी संभवनीय वाटली पाहिजे की शहाण्या माणसाने ती धरून चालावं, असा त्या व्याख्येचा आशय. ‘विचार करून’ हा तुकडा आधी आहे, ‘वाटणे’ नंतर आहे. त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून नवा अधिनियम लागू झाला, पण ही व्याख्या तशीच राहिली.

न्यायदर्शनाच्या अभ्यासकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. गौतमाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क एवढ्या पायऱ्या आहेत. निर्णयाची व्याख्याही अशी की पक्ष आणि प्रतिपक्ष यांचा विमर्श करून जे ठरतं ते. प्रतिपक्षाला खोलीबाहेर ठेवून झालेल्या निश्चयाला तिथे निर्णय हे नाव नाही.

तेव्हा या विशेषणाबद्दल आमचा निष्कर्ष काय? एक, मराठीत आणताना डोळे मिटून एकच शब्द लावू नये. माणसाबद्दल असेल तर ‘खात्री’. हा शब्द ‘खातर’चा, म्हणजे अरबी-फारसीतून आलेल्या मनाच्या शब्दाचा, आणि ‘खातरजमा’मध्ये तर मन गोळा होऊन स्वस्थ बसल्याचं चित्रच आहे. गोष्टीबद्दल असेल तर ‘निश्चित’ किंवा ‘निर्णीत’. वर्तमानपत्रात ‘विजय निश्चित’ असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं, उमेदवाराला खात्री आहे. दोन, कुणीही, मग तो पुढारी असो, डॉक्टर असो, नाहीतर व्यासपीठावर बसलेला म्हातारा प्राध्यापक असो, ‘हे निश्चित आहे’ म्हणाला की त्या कर्मणी रूपाचा कर्ता विचारावा. कुणी चाळलं? कुठल्या चाळणीने? कोंडा कुठे टाकला, तो दाखवा. ज्याने खरोखर निवडलं आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला कोंडा असतो.

आणि हे तिन्ही प्रश्न आधी स्वतःच्या खात्रीला विचारावेत. तिथे ते सगळ्यात कमी वेळा विचारले जातात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.